भिंतींचा अबोली रंग

घरास रंग द्यावयाचा बेत ठरला की हल्ली प्रथम रंगाच्या दुकानातून नमुन्यांचे पुस्तक घरी येते. दुकानदार त्यास शेडकार्ड म्हणतात. त्यात लहान लहान चौकोनांच्या ओळी असतात व प्रत्येक चौकोनाखाली एक इंग्रजी नाव छापलेले असते. गेल्या काही वर्षांत ज्या चौकोनावर घरातील मंडळी बोट ठेवतात तो पुष्कळदा गुलाबी व नारिंगी यांच्या मधल्या, फिकट, मऊ आणि उबदार अशा एका रंगाचा असतो. त्याचे नाव ‘पीच’. घरातील वडील माणसे ‘पीच म्हणजे कोणता बुवा?’ असे विचारतात, तेव्हा मुलगी सांगते, ‘अहो बाबा, आपला अबोलीच की!’ आणि सर्वांस एकदम उलगडा होतो.

पीच हे फळ मूळचे चीन देशाचे. ते इराणच्या वाटेने युरोपात गेले, म्हणून तिकडील विद्वानांनी त्याच्या शास्त्रीय नावात इराणचे नाव घातले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बहुतेक मुलांनी ते झाडावर लागलेले कधी पाहिलेले नसते. अमेरिकेतील पॅन्टोन नावाची कंपनी दर वर्षी एका रंगास ‘वर्षाचा रंग’ ठरविते. सन २०२४ साठी तिने हाच रंग निवडून त्यास पीचच्या सालीवरील लवेचे नाव दिले, आणि मग कापड, कागद, भिंती सर्वत्र त्याचा बोलबाला झाला. आमच्या आयाबहिणींस मात्र हा रंग फार जुना आहे. अंजिरी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी, श्रीखंडी ही नावे जशी लुगड्यांच्या दुकानातून घरोघर रूढ झाली, तसेच अबोली हेही नाव. अबोलीचे झुडूप दक्षिण हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील. फुलास वास नाही. ते आपल्याविषयी काही बोलत नाही, म्हणून की काय, त्यास हे नाव पडले असावे. गंमत अशी की या मुक्या फुलाच्या वाळलेल्या शेंगा पाण्याने भिजल्या म्हणजे तडकन् फुटतात व बी दूर उडते. महाराष्ट्रात स्त्रिया चालवितात त्या रिक्षांसाठी सन २०१६ मध्ये हाच रंग ठरला आणि त्यांस ‘अबोली रिक्षा’ हे नाव मिळाले. तेव्हा नावाचा प्रश्न मिटला असे समजून आम्ही पुढे जातो.

अबोली हा रंग मूळचा एक रंग नव्हे. तांबडा आणि पिवळा यांचे मिश्रण पुष्कळशा पांढऱ्यात विरघळविले म्हणजे तो होतो. तांबड्याचा अंश वाढला तर तो गुलाबीकडे झुकतो, पिवळ्याचा वाढला तर जर्दाळूकडे. भिंतीवर असा रंग आणण्याचे साधन शेडकार्डाच्या पुष्कळ आधीपासून आपल्या लोकांजवळ होते. काव, पिवडी आणि चुना ही तीन द्रव्ये ज्याच्या घरी आहेत त्याच्या घरी अबोली रंग आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. काव म्हणजे गेरू. ही लोहाच्या गंजाने तांबडी झालेली माती होय. पिवडी हीदेखील लोहयुक्त मातीच, परंतु तिच्यातील लोहाशी पाण्याचा अंश संयुक्त असल्यामुळे ती पिवळी दिसते. पिवडी तव्यावर चांगली तापविली असता ते पाणी निघून जाते व ती तांबूस होते. हा प्रयोग आमच्या विद्यार्थिमित्रांनी वडिलांच्या देखरेखीखाली अवश्य करून पाहावा. कावेचाच एक गडद प्रकार हिरमंजी अथवा हुरमुंजी या नावाने विकतात. या नावात इराणच्या आखातातील होर्मुझ बेट दडलेले आहे. तेथील तांबडी माती गलबतांतून आपल्या किनाऱ्यास येत असे, आणि कोकण, गोवे व कारवाराकडील देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात तांबडा थर देऊन तो कोरून जी चित्रे काढीत, त्या कामास अद्यापि काव-कला असेच म्हणतात.

चुना आणि गेरू यांच्या संयोगाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे जयपूर शहर. सन १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज तेथे येणार म्हणून महाराजा रामसिंह यांनी शहरातील इमारतींस एकच रंग देवविला. लोक त्यास गुलाबी म्हणतात, परंतु डोळसपणे पाहणारास तो फिकट गेरूचाच दिसेल. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, सुरगाणे तालुक्यातील भिंतघर या गावच्या लोकांनी अलीकडे आपली सर्व घरे गुलाबी केली आहेत व ते गाव ‘गुलाबी गाव’ म्हणून ओळखले जाते. पण हे दोन्ही दाखले घराच्या बाहेरील अंगाचे झाले. आम्हांस बोलावयाचे आहे ते आतील भिंतींविषयी, जेथे माणूस जेवतो, निजतो, आजारी पडतो आणि अभ्यास करतो.

येथे कोणी विचारील की, तांबडा-पिवळा रंगच हवा तर चुन्यात हळद घालून का चालणार नाही? हळदीस चुना लागला की ती लालभडक होते हे प्रत्येक मुलीस ठाऊक आहे. परंतु हा लाल रंग टिकाऊ नाही. उन्हाने हळदीचा रंग उडतो आणि थोड्याच दिवसांत भिंत मळकट दिसू लागते. बाजारातील कित्येक गुलाबी पुड्यांचीही हीच अवस्था होते. याचे कारण असे की ओला चुना हा अतिशय तीव्र क्षार आहे. वनस्पतिज व कित्येक कृत्रिम रंग त्याच्या तडाख्यात टिकत नाहीत. काव आणि पिवडी या मात्र गंजच्या गंजच राहतात. जे आधीच गंजून चुकले आहे त्याचे चुना आणखी काय करणार!

आता चुना भिंतीवर बसतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आमच्या जिल्ह्यातील हजारो घरांचे आरोग्य त्यावर अवलंबून आहे. चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजली म्हणजे तिच्यातील कर्बाम्ल वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो व विरतो. हा विरलेला चुना पाण्यात कालवून भिंतीस लाविला म्हणजे हवेतील तोच कर्बाम्ल वायू तो हळूहळू परत ओढून घेतो आणि पुनः चुनखडी बनतो. म्हणजे चुन्याने रंगविलेल्या भिंतीवर आपण एक अत्यंत पातळ दगडाचा थर चढवितो, आणि काव त्या दगडात अडकून बसते. तथापि हा दगड सच्छिद्र असतो. भिंतीतील ओल त्यातून वाफ होऊन बाहेर पडू शकते. नगर शहराजवळील सोळाव्या शतकातील फराह बागेच्या महालात खडबडीत दगडी बांधकामावर चढविलेला चुन्याचा गिलावा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हा पदार्थ किती काळ टिकतो हे निराळे सांगावयास नको.

आमच्या जिल्ह्यातील जुनी घरे काळ्या दगडाची व मातीची. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या कमी पावसाच्या भागांत माळवदाची घरे अजून पुष्कळ उभी आहेत. दोन हात जाडीच्या भिंती, आत मातीचा दर्जा, वर पांढरीचा लेप. अकोल्याच्या डोंगराकडील घरांची तऱ्हा निराळी. तेथे पाऊस इतका की भिंतीस कुडाचाही आधार लागतो. या सर्व घरांचा एक समान धर्म आहे: त्यांच्या जोत्याखाली ओलीस अडविणारा थर नसतो. जमिनीतील पाणी वातीत तेल चढते तसे भिंतीत चढते व भिंतीच्या पृष्ठावरून उडून जाते. भिंत असा श्वास घेत आहे तोवर ती धड राहते.

अशा भिंतीस सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिकचा चकचकीत रंग दिला तर काय होते? ओल आत कोंडते. ती वर सरकते, आणि जेथे वाट सापडेल तेथे फुटते. तिच्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या पडद्यामागे स्फटिक होऊन बसतात व पडदा ढकलू लागतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. प्रथम फोड येतात, मग पापुद्रे सुटतात, मग गिलाव्यासह खपली पडते. लग्नकार्याच्या निमित्ताने कर्ज काढून पुढील सोप्यास पीच रंग दिला आणि दोन पावसाळ्यांत जमिनीपासून कमरेइतकी भिंत खवलेल्या माशासारखी दिसू लागली, असे प्रकार आम्ही खेडोपाडी पुष्कळ पाहिले आहेत. घरधनी रंगाऱ्यास दोष देतो, रंगारी रंगास देतो. वास्तविक दोघेही निर्दोष असतात. रंग व भिंत यांची जोडी विजोड असते इतकेच. विटा-सिमेंटच्या नव्या, कोरड्या घरास बाजारी रंग खुशाल द्यावा. तो धुता येतो, सफाईदार दिसतो, आणि शहरात चांगला चुना कालविणारा माणूस मिळणेही कठीण झाले आहे. परंतु मातीच्या व दगडाच्या जुन्या घरास चुनाच योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चुन्यात अबोली रंग करण्याची कृती फारशी अवघड नाही. धीर मात्र पाहिजे. कळीचा चुना पिंपात घेऊन त्यावर बेताने पाणी सोडावे. त्या वेळी मुलांस जवळ येऊ देऊ नये, कारण उसळता चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचे भय असते. चुकून उडालाच तर डोळा न चोळता तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा व डॉक्टरकडे जावे. विरलेला चुना निदान एक दिवस भिजत ठेवावा. अधिक दिवस राहिला तर उत्तमच. मग किलोस सुमारे पाच लिटर या मानाने पाणी घालून तो फडक्यातून गाळावा. भिंतीचा रंग हातास लागू नये म्हणून गरम पाण्यात विरघळविलेला डिंक अथवा सरस थोडासा घालतात. काव व पिवडी वेगवेगळ्या भांड्यांत रात्रभर भिजत घालून, वस्त्रगाळ करून, मगच चुन्यात सोडाव्या. कोरडी पूड एकदम चुन्यात टाकली तर तिच्या गुठळ्या राहतात आणि कुंच्याच्या प्रत्येक फटकाऱ्यागणिक भिंतीवर तांबडी रेघ उमटते.

प्रमाणाविषयी एवढे सांगता येते की, कोरड्या चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक माती घातली तर रंग भिंतीस नीट धरत नाही. आणि अबोलीस त्याहून पुष्कळच कमी पुरते. काव प्रत्येक ठिकाणची निराळी, म्हणून नेमके वजन कागदावर लिहिण्यात अर्थ नाही. पिंपातील रंग पाहून निर्णय करू नये ही मुख्य गोष्ट. ओला असताना हा रंग चांगलाच गडद, जवळजवळ विटकरी दिसतो. वाळल्यावर चुना पांढरा होतो आणि रंग कित्येक पायऱ्या खाली उतरतो. यासाठी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर चौकोन रंगवून तो पूर्ण वाळू द्यावा, सकाळ, दुपार व दिवेलागण अशा तिन्ही वेळी पाहावा, आणि मग कमीजास्त करावे. सर्व खोलीस पुरेल इतका रंग एकाच वेळी कालवावा. दुसऱ्या दिवशीच्या पिंपाची छटा पहिल्या दिवसाशी कधीही जुळत नाही. पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि लागलाच तर तिसरा. हात पातळच असावेत. भिंत आधी पाण्याने ओली करून घ्यावी. कोरडी भिंत चुन्यातील पाणी शोषून घेते, मग चुन्यास दगड होण्यास अवसर मिळत नाही व त्याची भुकटी होऊन पडते. दिवाळीच्या किंवा नाताळच्या आधी रंगसफेदीची जी घाई उडते, तीत या गोष्टीकडे हटकून दुर्लक्ष होते.

रंग तयार झाला. आता तो कोणत्या खोलीस द्यावा? येथे प्रकाशाचा विचार आला. भिंतीचा रंग म्हणून जो आपण पाहतो तो भिंतीने परत पाठविलेला प्रकाश होय. पांढऱ्या चुन्याची भिंत पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ऐंशीच्या सुमारास परत करते. फिकट अबोली साधारण साठ ते सत्तर, आणि गडद विटकरी जेमतेम वीस. ज्या माजघरास एकच लहान झरोका आहे, तेथे हा हिशेब विसरून चालत नाही. त्या खोलीत मूल अभ्यासास बसत असेल तर छत व झरोक्यासमोरची भिंत पांढरीच ठेवावी आणि अबोली बाकीच्या भिंतींस द्यावा. शोभा राहते व उजेडही राहतो.

शेडकार्डावर आवडलेला फिकट रंग खोलीस दिल्यावर ‘फारच भडक झाला’ अशी तक्रार घरोघर ऐकू येते. यात दुकानदाराची लबाडी नसते; हे साधे गणित आहे. समजा, अबोली भिंत तांबड्या किरणांपैकी शेकडा ऐंशी व निळ्यांपैकी शेकडा पन्नास परत पाठविते. एका उडीनंतर तांबडा ऐंशी, निळा पन्नास. हाच प्रकाश समोरच्या अबोली भिंतीवर आदळून परत फिरला की तांबडा चौसष्ट उरतो आणि निळा अवघा पंचवीस. म्हणजे आरंभी तांबडा निळ्याच्या दीडपटीहून थोडा अधिक होता, तो दुसऱ्या उडीत अडीचपट झाला. चार भिंतींच्या खोलीत प्रकाश अशा किती उड्या मारीत असेल! म्हणून चारही भिंती रंगवावयाच्या असल्यास मनात भरलेल्या छटेहून एक-दोन पायऱ्या फिकट छटा घ्यावी.

दिशेचाही संबंध आहे. उत्तरेकडील खिडकीतून बहुधा आकाशाचा निळसर प्रकाश येतो व खोली थंड भासते. तेथे अबोली फार खुलतो. (आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दोन प्रहरी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेस असतो, तेव्हा ‘उत्तरेकडून ऊन कधीच येत नाही’ हे इंग्रजी पुस्तकांतील विधान आपल्या मुलांनी घोकू नये.) पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्यातील संध्याकाळचे तांबूस ऊन या रंगावर पडले म्हणजे खोली भट्टीसारखी वाटू लागते. प्रत्यक्ष उष्णता काही वाढत नाही, पण मार्च ते मे या दिवसांत नगरकराच्या जिवास भट्टीची नुसती आठवणही नकोशी असते. तेथे पांढरा किंवा निळीचा हात बरा.

दिव्यांनी तर या रंगाची परीक्षाच पाहिली आहे. तेलाच्या दिव्याच्या व पुढे जुन्या विजेच्या गोळ्याच्या पिवळ्या उजेडात अबोली भिंत शेकोटीजवळच्या चेहऱ्यासारखी उजळे. पुढे नळीचे दिवे आले, आणि सन २०१५ पासून सरकारच्या ‘उजाला’ योजनेने एलईडी दिवे घरोघर पोहोचले. त्यांत विजेची बचत मोठी. परंतु पांढऱ्या-निळसर प्रकाशाच्या दिव्याखाली हाच रंग राखाडी आणि आजारी दिसतो. दिव्याच्या खोक्यावर प्रकाशाचा अंक छापलेला असतो. ६५०० केल्विन असेल तो पांढराफेक, ३००० च्या आतबाहेर असेल तो पिवळसर. बैठकीच्या अबोली खोलीस दुसरा घ्यावा.

शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. पॅरिस येथील गोबेलीं या प्रसिद्ध गालिच्यांच्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा निळ्याशेजारी विणला की फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला, तो उत्तम काळा होता. दोष डोळ्याच्या तुलनेत होता. या शोधावर त्यांनी सन १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या घरी त्याचा पडताळा असा की, शहाबादी फरशीच्या निळसर करड्या रंगाजवळ अबोली भिंत अधिक नारिंगी भासते, आणि खेड्यांतील नेहमीच्या हिरव्या तैलरंगाच्या दारांशेजारी अधिक तांबडी. सागवानी दार नुसते तेल पाजून ठेवले तर रंग आपल्या जागी शांत राहतो.

चेहऱ्यांवरही या भिंतींची तांबूस झाक पडते व माणसे टवटवीत दिसतात, हे खरे आहे. म्हणूनच की काय, पाहुणे मुलगी पाहावयास यावयाचे असले म्हणजे पुढील खोलीस हा रंग देण्याची टूम निघाली आहे. मुलीच्या बापाने त्यापेक्षा ते पैसे तिच्या शिक्षणाकडे लावले तर आम्हांस अधिक संतोष वाटेल. पण हे विषयांतर झाले.

या रंगाने मन शांत होते, भांडणे मिटतात, भूक वाढते अशा पुष्कळ गोष्टी छापून येतात. त्यांचे एक मूळ सांगण्यासारखे आहे. सन १९७९ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगविण्यात आली. अलेक्झांडर शॉस या संशोधकाच्या म्हणण्यावरून हा प्रयोग झाला, व तीत कैदी लवकर शांत होतात असे कळविण्यात आले. कल्पना इतकी गोड की पुष्कळ तुरुंगांनी ती उचलली. सन २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका तुरुंगात गुलाबी व पांढऱ्या कोठड्यांत कैदी ठेवून काळजीपूर्वक तुलना केली गेली, तेव्हा असा कोणताही फरक आढळला नाही. तेव्हा हा रंग आवडत असेल तर आवडतो म्हणून द्यावा. डोळ्यांस आवडणाऱ्या खोलीत मन रमते, एवढे कारण पुरेसे आहे.

शोभेचा विचार झाला. आता दोन धोके सांगितलेच पाहिजेत. पहिला शिशाचा. काव नारिंगी व्हावी म्हणून कोणी चुन्यात शेंदूर मिसळू पाहील. शेंदूर हे शिशाचे भस्म आहे आणि ते विष आहे. घरातील भिंतीस ते कदापि लावू नये. जुन्या पिवळ्या व नारिंगी तैलरंगांतही शिशाची द्रव्ये असत. रंगात दशलक्ष भागांस नव्वद भागांहून अधिक शिसे नसावे असा नियम भारत सरकारने सन २०१६ मध्ये केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी रंगविलेली दारे-खिडक्या ज्या घरी आहेत, त्यांनी नवा रंग देण्याआधी जुना रंग कोरड्या पॉलिशकागदाने घासू नये. ती धूळ जमिनीवर बसते, रांगते मूल तिच्यावरून हात फिरविते आणि तोच हात तोंडात घालते. शिशाने लहान मुलाच्या मेंदूची जी हानी होते ती मागाहून भरून येत नाही. घासणे अटळच असेल तर पृष्ठभाग ओला ठेवून घासावे, मुलांस त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवावे, आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

दुसरा धोका रंगाच्या सौंदर्यातच आहे, आणि त्याची वाच्यता क्वचितच होते. निम्म्याहून अधिक नवजात बालकांस पहिल्या आठवड्यात थोडीबहुत कावीळ होते व बहुतेकांची ती आपोआप ओसरते. परंतु काहींची वाढत जाते, आणि रक्तातील ते पिवळे द्रव्य फार वाढले तर मेंदूस कायमची इजा होते. मूल बहिरे होऊ शकते, पांगळे होऊ शकते, दगावूही शकते. ही कावीळ प्रथम ओळखावयाची ती डोळ्यांनी, कातडीच्या रंगावरून. आता आपल्याकडील बाळंतिणीची खोली आठवा. दार लोटलेले, खिडकीस पडदा, पिवळा दिवा, आणि बारशाच्या हौसेने भिंतींस नवा अबोली रंग. तांबूस-पिवळ्या प्रकाशाने भरलेल्या त्या खोलीत पिवळे पडलेले मूलही गोरेगुलाबी दिसते. आजी कौतुकाने दृष्ट काढते, आणि मोलाचे दोन दिवस निघून जातात.

यास्तव सुइणीने, आजीने किंवा आईने पहिले काही दिवस रोज सकाळी मूल ओसरीवर किंवा खिडकीशी दिवसाच्या उजेडात आणून पाहावे. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर बोट हलकेच दाबून उचलावे. त्या क्षणी कातडी पांढुरकी न दिसता पिवळी दिसली तर ती कावीळ समजावी. मूल सावळे असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पाहाव्या. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा मूल सुस्त पडून दूध ओढीनासे झाले, तर घटकेचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तेथे निळ्या प्रकाशाखाली मूल ठेवून उपचार करतात. या उपचाराचा उगमही डोळसपणे पाहण्यातच आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड नावाच्या परिचारिका मुलांस अंगणातील मोकळ्या उजेडात नेत असत. सन १९५६ मध्ये त्यांनी एक मूल डॉक्टरांस दाखविले. उन्हाकडे उघड्या राहिलेल्या भागाचा पिवळेपणा उतरला होता, आणि दुपट्याच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा भाग पिवळाच राहिला होता. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, तेथील डॉक्टरांनी हा शोध प्रसिद्ध केला.

तेव्हा ज्या घरी पाळणा हलावयाचा आहे, तेथे त्या एका खोलीस नुसता पांढरा चुना द्यावा व खिडकी उघडी राहील असे करावे. अबोलीचा हात पुढच्या दिवाळीस देता येतो.